सांजचं दूध

“आप्पा, पुढल्या महिन्यापासून आमच्या भट्टीला लाकूड न्हाई लागणार.”

प्रयागवैनी वखारीच्या फाटकातूनच बोलली. आत आली नाही, बसली नाही. मी काट्यावर बाभळीचे ओंडके चढवत होतो. मला वाटलं, भाव पाडायला आलीय. ती बाई भाव पाडायला आली की आधी असाच एखादा बार उडवायची आणि मग चहा पीत पीत मला रडकुंडीला आणायची.

“चहा घ्या, मग भांडू,” मी म्हणालो.

“भांडाया न्हाई आले. सांगाया आले. दुसऱ्या कुणाकडनं कळायच्या आत माझ्या तोंडनं कळावं म्हून.”

मी हातातला ओंडका खाली ठेवला. “मग जाळणार काय? हाडं?”

“ऊन,” ती म्हणाली.

मी हसलो. अगदी पोट धरून हसलो. ती पदराच्या टोकानं डोळे पुसत तशीच उभी राहिली. रडत नव्हती. धुरानं तिचे डोळे बारा महिने गळायचे.

आमचं उंबरदरा गाव बालाघाटाच्या पठारावर. पाऊस बेताचा, जमीन मुरमाड, पण म्हशी चांगल्या, आणि म्हशींमुळं खवा. गावात शिरायच्या आधी आटत्या दुधाचा वास यायचा आणि त्यात मिसळलेला माझ्या लाकडाचा धूर. गावातल्या सगळ्या भट्ट्यांना आणि वस्त्यांवरच्या चुलींना लाकूड पुरवणारा मी, बसवंत कोरे. माझ्या बापानं वखार घातली आणि मी ती वाढवली. प्रयागवैनीचा नवरा माणिक माझा जिवाचा दोस्त. तो गेला तेव्हा लोक म्हणाले, आता भट्टी बंद होणार. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी वैनी वखारीत आली आणि म्हणाली, “आप्पा, लिंबाचं नको, बाभळीचं द्या, त्याचा जाळ एकसारखा लागतो.” तेव्हापासून गावात तिच्या खव्याला तोड नव्हती, आणि तिच्या तोंडालाही नव्हती.

“कुणी भरवलं हे डोक्यात?” मी विचारलं.

“कुणी कशाला भरवाया पायजे? अर्चनाला आता खोकला लागलाय. कालपत्तूर लेकरासारखी हसायची, आता हसली की खोकती. ज्या धुरानं माझे डोळे खाल्ले तो सुनेला आंदण द्यायचा न्हाई मला.”

मला माझंच पडलं होतं. “आणि माझं काय?”

“त्येच कळंना झालंय,” ती म्हणाली, आणि गेली.

त्याच आठवड्यात पुण्याहून आगाशे मॅडम आल्या. तरुण बाई, विजेच्या इंजिनियर, पायात बूट, डोक्याला रुमाल. वैनीच्या भट्टीच्या पत्र्यावर त्यांनी दोन दिवसांत सोलरच्या प्लेटा बसवल्या आणि खाली विजेवर तापणारी, आपोआप फिरणारी कढई मांडली. ती बघायला सगळे भट्टीवाले वैनीच्या अंगणातल्या लिंबाखाली जमले. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी गेलो. आपल्याच धंद्याचा निकाल लागणार असला तर माणूस घरी बसतो का?

मॅडमनी सरळ मांडलं. प्लेटा एकदा बसल्या की ऊन फुकट, आणि लाकूड दर वर्षी महागणार. मला ते खोडता येईना. माझ्या बापाच्या वेळी लाकूड शिवारातच मिळायचं. माझा टेम्पो आता दोन तालुके ओलांडून जायचा. डिझेल जाळून लाकूड आणायचं आणि लाकूड जाळून दूध आटवायचं, असला तो धंदा झाला होता. मी भाव वाढवला की लोक मला शिव्या घालायचे, पण लोभ माझा नव्हता हो, झाडच राहिलं नव्हतं.

पण मीही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हतो. मी उभा राहिलो.

“मॅडम, एक अडाणी प्रश्न आहे. सूर्य सांजेला घरी जातो. म्हैस मात्र सांजेला परत दूध देते. ते दूध कशावर आटवायचं? चांदण्यावर?”

सगळे खो खो हसले. गोरख दराडे तर मांडीवर थाप मारून हसला. गावातली सगळ्यात मोठी भट्टी त्याची, त्यामुळं तो हसला की बाकीचे हसायचे.

मॅडम हसल्या नाहीत. “प्रश्न अजिबात अडाणी नाही, आप्पा. खरी अडचण तीच आहे. सांजच्या दुधासाठी बॅटरी लागेल.”

“केवढ्याला पडते?”

त्यांनी खरं सांगितलं. प्लेटांपेक्षा बॅटरी महाग, आणि काही वर्षांनी पुन्हा नवी घ्यायची.

“नाकापेक्षा मोती जड!” गोरख म्हणाला, आणि लोक धोतर झटकून उठायला लागले. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मी वैनीकडं बघितलं. ती जागची हलली नव्हती.

“मॅडम, त्या बॅटरीत काय साठवायचं म्हंता?”

“वीज.”

“आन त्या विजेनं?”

“रात्री दूध आटवायचं.”

“रातच्याला दूध आटवायची मला हौस न्हाई. निम्मं आयुष्य त्यातच गेलं. मला ते दूध नुसतं सकाळपत्तूर टिकवायचंय. टिकवायला काय लागतं?”

“गारवा,” मॅडम म्हणाल्या, आणि मग त्यांचे डोळे एकदम मोठे झाले. “थांबा, थांबा. वीज साठवायचीच नाही. बर्फ साठवायचा! दिवसभर उन्हाच्या विजेवर टाकीत बर्फ धरायचा, सांजचं दूध त्यात गार करायचं आणि सकाळी उन्हावर आटवायचं. डेअरीत असतात तसल्या टाक्या. बॅटरीपुढे त्यांची किंमत काहीच नाही.”

“मग आणा की टाकी,” वैनी म्हणाली. भाजी आणा म्हणावं तसं म्हणाली.

दोघी एकमेकींकडं बघून अशा हसल्या की मला घाम फुटला.

उठलेले लोक परत बसले. हिशेब असा होता की टाकी एकट्याला परवडत नव्हती. सगळ्या भट्ट्यांनी मिळून घेतली, सगळ्या वस्त्यांवरचं सांजचं दूध एकाच टाकीत आलं, तरच गणित बसत होतं. मग ठरलं की मॅडम नमुन्याची टाकी आणतील. एका सांजेचं सगळं दूध तीत ठेवायचं आणि सकाळी उन्हावर खवा करायचा. तो आपल्या नावाला शोभला तर सगळ्यांनी हात वर करायचे. नासला, तर मॅडमनी सामान उचलायचं आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही.

घरी येऊन मी बायकोला, महादेवीला, सगळं सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली.

“वखार बंद पडली तर तुम्ही करणार काय? तुम्हाला दुसरं येतं काय?”

मी पन्नाशीला आलो होतो. लाकूड बघून त्याचं वजन सांगता येत होतं, कुठल्या वस्तीला कुठल्या पाणंदीनं जायचं ते येत होतं, आणि बायांशी हुज्जत घालता येत होती. चौथं काही येत नव्हतं. मी जेवलो नाही.

परीक्षेचा दिवस वैशाखातला. ऊन असं की कुत्री गटारात झोपलेली. मी टेम्पोत वखारीतलं सगळ्यात वाळकं लाकूड भरलं आणि सांजेला वैनीच्या भट्टीसमोर नेऊन लावलं.

“हे कशाला?” तिनं विचारलं.

“दूध नासायला लागलं की धावाधाव नको म्हणून,” मी म्हणालो. “तुमचीच सोय बघतो.”

“लई उपकार,” ती म्हणाली, आणि अर्चनाकडून मला बसायला खाट टाकून घेतली. शत्रूला खाट टाकणारी ती एकच बाई मी बघितली.

टाकीत दिवसभर बर्फ धरला होता. मॅडमनी झाकण उचलून दाखवलं. नळ्यांवर पांढरीशुभ्र जाड भिंत चढली होती आणि आतून असा गारवा आला की गोरखनं आत तोंडच घातलं. लोकांची मनं तिथंच निम्मी फिरली. मला ते दिसत होतं. मी विडी पेटवली.

दिवस कलला तसं दूध यायला लागलं. वस्त्यांवरून बाया-माणसं मोटारसायकलला कॅन बांधून येत होती. त्या दिवशी सगळ्यांना घाई, सगळ्यांना उत्साह. अंगणात कॅनची रांग लागली. माळावरच्या वस्तीची एक बाई कॅन उतरवताना अडखळली, आणि मी सवयीनं उठलो, हात दिला, कॅनला खालून धरलं.

“आई गं!” मी ओरडलो. हात भाजला होता. “तापलेलंय की हे! चुलीवरनं उतरवून आणलं का काय!”

बोलून गेलो. विचार करून बोलायला वेळ कुठं होता, तळहाताला चटका बसला होता.

वैनी धावत आली. तिनं त्या कॅनला हात लावला, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. रांगेतला एकही कॅन तिनं सोडला नाही. तिचा चेहरा उतरत गेला.

“समद्यांनी आजबी दूध तापवूनच आणलं?”

“व्हय की,” ती माळावरची बाई कौतुकानं म्हणाली. “आज तुमची परीक्षा नव्हं का, वैनी! एक ऊत आणून घेतला. म्हटलं, आपल्या दुधानं दगा द्यायला नको.”

दुसरी म्हणाली, “मी दोन ऊत काढले.”

काय सांगू तुम्हाला! आमच्याकडं दूध टिकवायचं म्हणजे तापवायचं, हे बाया आईच्या पोटातून शिकून येतात. भट्टीला देतानाही एक ऊत काढूनच द्यायच्या, तेवढं भट्टीवाल्याचं लाकूड वाचायचं. ती चांगुलपणाची रीत होती. आणि त्या दिवशी तर प्रत्येकीनं वैनीच्या मायेपोटी जास्तच जाळ घातला होता. माझंच लाकूड घालून.

मॅडम तापमापक घेऊन आल्या. एका कॅनमध्ये घातला, बघितला आणि खाली बसल्या. “मी हिशेबात म्हशीच्या धारेइतकं कोमट दूध धरलं होतं. हे टाकीत ओतलं तर बर्फ बघता बघता संपेल. मग दूध रात्रभर कोमट राहणार.”

“पण तापवलेलं दूध टिकतं ना?” अर्चनानं विचारलं.

“तांब्याभर टिकतं गं,” वैनीच म्हणाली. “एवढं दूध या उन्हाळ्यात आतल्या आत उबत राहतं. सकाळी आंबतं. मागं एकदा भोगलंय मी.”

“चूक माझी,” मॅडम म्हणाल्या. “मी विचारायला हवं होतं, तुम्ही दूध कसं आणता.”

“आन मी सांगाया पायजे होतं. चूक वाटून घेऊ सकाळी. आता दूध बघू.”

गोरख खाकरला. “वैनी, ताणण्यात अर्थ नाही. पेटवा भट्टी. आप्पांचं लाकूड दारात उभंच आहे. दूध तरी वाया जायला नको.”

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी खाटेवर बसलेलो, तळहात फुंकत. खरं सांगतो, मला आनंद झाला होता. मी काही कट केला नव्हता, कुणाला फितवलं नव्हतं. देवानंच माझी वखार वाचवली असं मला वाटलं.

वैनीनं मॅडमना विचारलं, “धारेइतकं कोमट झालं तर चालंल ना?”

“चालेल. पण एवढं दूध इतक्या लवकर कोमट करायचं कसं?”

“बारवंत. बारवंच्या तळाला वैशाखातबी पायाला झिणझिण्या येत्यात. कॅन गळ्यापत्तूर पाण्यात धरायचे आन ढवळायचे.”

बारव, म्हणजे आमची जुनी पायऱ्यांची विहीर, गावाबाहेर, देवळाच्या पलीकडं. भरलेले कॅन मोटारसायकलवर एकेक करून न्यायचे म्हणजे सगळी रात्र जाणार. वैनी वळली आणि सरळ माझ्या खाटेसमोर येऊन उभी राहिली.

“आप्पा, टेम्पो द्या.”



“काय म्हणून देऊ?” मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. “सांगा ना सगळ्यांसमोर. काय म्हणून देऊ? माझ्या पोटावर पाय द्यायला माझाच टेम्पो?”

“द्यावा असं एकबी कारण न्हाई,” ती म्हणाली. “कारण असतं तर हुकूम केला असता. न्हाई, म्हून मागती.”

एवढं बोलून ती टेम्पोकडं गेली, फाळका पाडला आणि एकटी ओंडके खाली काढायला लागली. मी हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं. डोळे पुसत पुसत ती एकेक ओंडका उतरवत होती आणि रचून ठेवत होती, फेकत नव्हती. माझा माल नीट रचून ठेवत होती.

मला तिचा इतका राग आला होता की दात खाऊन मी उठलो. आणि उठून काय केलं? टेम्पोवर चढलो. “सरका तिकडं, पायावर पाडून घ्याल!” असं तिच्यावर खेकसलो आणि ओंडके काढायला लागलो. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. असल्या बाईला एकटीला लाकूड उतरवताना बघत बसायचं माझ्याच्यानं झालं नाही, एवढंच.

गोरख खालून ओरडला, “कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, आप्पा!”

“गप बस आणि हात लाव!” मी म्हणालो.

मग सगळे लागले. टेम्पो रिकामा झाला, कॅन चढले, आणि मी असा हाकला की मागं उभी माणसं मला नावं ठेवत होती. बारवेच्या पायऱ्यांवर माणसांची साखळी झाली. कॅन हातोहात खाली गेले. बाया गुडघाभर पाण्यात उभ्या राहून धुतलेल्या पळ्यांनी दूध ढवळत होत्या. कुणीतरी ओवी धरली, दुसरीनं तिच्यात वैनीचं नाव गुंफलं, आणि खाली हसाहसी सुरू झाली. मॅडम बूट काढून पाण्यात उतरल्या होत्या आणि प्रत्येक कॅनमध्ये तापमापक घालून ‘अजून’, ‘अजून थोडं’, ‘हा काढा’ म्हणत होत्या. वैनी वरच्या पायरीवरून सगळ्यांना हाकत होती. माझ्यासकट.

दिवेलागण उलटून गेली तेव्हा शेवटचा कॅन टाकीत रिता झाला. मॅडमनी झाकण लावलं. मी घरी आलो. महादेवीनं विचारलं, “काय झालं?” मी म्हणालो, “वाढ.” जेवलो आणि झोपलो.

सकाळी ऊन चांगलं चढल्यावर सगळे परत जमले. मॅडमनी झाकण उघडलं. वैनीनं पळीभर दूध घेतलं, वास घेतला आणि छोट्या पातेल्यात तापवायला अर्चनाकडं दिलं. ते फाटतं की वर येतं, यावर सगळं होतं. अर्चनाची मान पातेल्यावर वाकलेली, आणि आमच्या सगळ्यांच्या माना अर्चनाकडं. दूध वर आलं. गुळगुळीत, साय धरत वर आलं.

“टिकलं!” ती ओरडली, आणि तिला खोकल्याची उबळ आली. वैनीनं तिची पाठ चोळली आणि दुसऱ्या हातानं कढईचं बटण दाबलं.

धूर नाही, ठिणगी नाही, कुणी डोळे चोळत नाही. कढई आपली फिरतेय आणि दूध आटतंय. मी जन्मात पहिल्यांदा त्या भट्टीच्या भिंती नीट बघितल्या, काळ्याकुट्ट होत्या. खवा घट्ट झाला तशी वैनीनं पहिला गोळा तळहातावर घेतला, बोटांनी चोळून बघितला आणि गोरखच्या हातावर ठेवला. त्यानं तोंडात टाकला. बराच वेळ चघळला.

“बरा आहे,” तो म्हणाला. गोरखच्या तोंडून ‘बरा’ म्हणजे राजाच्या तोंडून बक्षीस. “चला, करा हात वर. झालं एकदाचं.”

हात वर झाले. एकूण एक. मी दाराशी उभा होतो. चला, संपलं, मी मनाशी म्हणालो. वाईट वाटलं, पण खोटं कशाला सांगू, त्या बाईचं कौतुकही वाटलं. मी चपला पायात सरकवल्या.

“हात खाली,” वैनी म्हणाली.

कुणाला कळेना.

“खाली करा म्हंते. माझा हात अजून वर न्हाई झाला, आन माझ्याबिगर टाकी येत न्हाई.” ती कढईसमोरून उठली. “काल ज्या माणसानं टेम्पो रिता केला, तो चपला घालून निघालाय. गरज सरली की वैद्य मारायचा का? त्याचं काय करायचं ते आधी सांगा. न्हाईतर ही कढई बंद, आन माझी भट्टी हाय तशी लाकडावर.”

अर्चना सासूकडं बघत राहिली. मीही. त्या कढईसाठी ती बाई काय काय झेलत आली होती ते मला ठाऊक होतं. आणि आता हाताशी आलेलं ती माझ्यापायी सोडायला निघाली होती.

मला भडभडून आलं, आणि भडभडून आलं की मी चिडतो. “वैनी, मी भिकारी नाही! कुणाची दया नको मला!”

“दया कोण करतंय? बसा खाली,” ती डाफरली. “रोज सांजेला समद्या वस्त्यांवरनं दूध आणाया टेम्पो लागणार. पाणंदी तुमच्याइतक्या कुणाला ठाव हायत? वाहतुकीचा दर हितंच, समद्यांसमोर ठरवा.”

“मला दुधातलं काय कळतं? लाकूड उशिरा पोचलं तर नासत नाही. दूध नासतं.”

“मग येळंवर यायला शिका. त्याच्याहून मोठं काम येगळंच हाय.” तिचा आवाज खाली आला. “या बाया दूध तापवायच्या थांबल्या न्हाईत तर ही टाकी एक दिवस चालायची न्हाई. रोज कोण बारवंत उतरणार? घरोघर जाऊन सांगाया पायजे, दूध तापवू नका, जाळ घालू नका, कच्चंच द्या. मी सांगितलं तर म्हंतील, हिचा फायदा हाय. मॅडमनी सांगितलं तर म्हंतील, पुण्याच्या बाईला काय कळतंय. पण आप्पा, लाकूडवाल्यानं जर सांगितलं की जाळू नका, तर ते कुणाला खोटं वाटंल?”

मॅडमनी तोंडावर हात धरला होता. गोरखनं माझ्याकडं बघितलं, मग वैनीकडं, आणि पहिल्यांदा त्याला काही म्हण सुचली नाही.

मी चपला काढल्या आणि खाली बसलो. वैनीनं हात वर केला. मग बाकीच्यांनी. माझाही हात वर गेला होता, पण मला तिथं मत नव्हतं, म्हणून अर्चनानं हसत हसत तो खाली ओढला.

याला आता कित्येक वर्षं झाली. वखारीच्या जागेवर आज दुधाच्या गाड्या उभ्या असतात, आणि अर्चना गावातल्या सगळ्यांत मोठ्यानं हसते. पण मला आठवते ती त्याच दिवसाची सांज. रिकामे कॅन घेऊन मी माळावरच्या वस्तीत शिरलो. पहिल्याच दारात ठकूमावशी, वयानं थकलेली, चुलीपुढं बसलेली. दुधाचं पातेलं चढवलं होतं आणि खाली काटक्या सारत होती.

“मावशी, चूल विझवा. दूध तापवू नका. कच्चंच द्या.”

म्हातारीनं मान वर केली आणि मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “आप्पा, बरं हाय ना तुला? लाकूड इकणारा तू, आन तूच म्हंतो जाळू नको?”

“हो.”

मग पदरानं कडा धरून तिनं पातेलं खाली उतरवलं, आणि काटक्यांवर पाण्याचा हबका मारला.

“दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, तर ऐकलं नसतं बघ,” ती म्हणाली. “मग आता तू काय इकणार रं बाबा?”

“आता विकायला नाही आलो, मावशी,” मी कॅनचं झाकण काढलं. “न्यायला आलोय. ओता.”